टाकी, मोटार आणि मोबाईल : घराच्या ऑटोमेशन अ‍ॅपसाठी प्लॅटफॉर्म ठरवतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, लातूर

येळवस (वेळ अमावस्या) झाली, पाहुणे गेले, आता कामाला लागायचं. काकांच्या घरात गच्चीवरची टाकी, खालचा हौद, बोअरची मोटार आणि खोल्यांमधले लाईट-पंखे हे सगळं एका अ‍ॅपवरून चालवायचं ठरलंय, तिथं नीट बसलं की आत्याकडं औशाला, आणि मग गल्लीत ज्यांनी विचारून ठेवलंय त्यांच्याकडं. हार्डवेअरचं काही अडत नाही. ईएसपी३२ चे बोर्ड (वाय-फायवाली छोटी सर्किटं) आहेत, मोसक्विटो ब्रोकर (बोर्ड आणि मोबाईल यांचे मेसेज एमक्यूटीटी पद्धतीनं इकडून तिकडं पोचवणारा प्रोग्रॅम) टाकलेला एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटा संगणक, आहे (पुढं त्याला नुसतं हब म्हणतो), आणि वायरिंगला मावसभाऊ आहे, त्याच्या हाताला लातुरातली निम्मी घरं माहिती आहेत. अडलंय ते मोबाईलपाशी. अ‍ॅप लिहायचं कशात? नेटिव्ह अँड्रॉइड (फक्त अँड्रॉइडसाठी, कोटलिन भाषेत), आयफोन, फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (यांत एकदा लिहिलं की दोन्हीकडं चालतं), का नुसतं ब्राउझरमध्ये चालणारं वेब अ‍ॅप?

यातलं काहीही निवडायच्या आधी घर काय मागतंय ते लिहून ठेवतो. लातूरला पाणी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं या गावाला, तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली पोरं आता नोकऱ्या करायलेत, पण टाकी वाहून चालली की अजून शेजारपाजारचे धावत येऊन मोटार बंद करायला सांगतात. नळ काही दिवसांआड येतात, कधी रात्री-अपरात्री येतात, तेव्हा हौद भरून घ्यायचा असतो. लाईट जाते. लाईट गेली की नेटही जातं. म्हणून माझी पहिली अट अशी की नेट नसताना घरातल्या घरात बटण चाललं पायजे, आणि दुसरी, फोन स्वस्तातला आणि जुना असला तरी चाललं पायजे. बाकी सगळ्या अटी याच्या खाली.

८ जानेवारी

आज कोणाकडं कुठला फोन ते बघून आलो. काकांचा बरा आहे, अँड्रॉइड १३. काकूंचा जुना, अँड्रॉइड १०, २ जीबी रॅम, त्यात फोटो आणि भजनाचे व्हिडिओ इतके की स्टोरेज भरल्याचं रोज येतंय. पण मोटार चालू-बंद करायचं काम घरात काकूच करतात, म्हणजे माझ्यासाठी खरा फोन तोच. आत्याच्या सासऱ्यांकडं बटणाचा फोन. चुलतभाऊ पुण्याला असतो, त्याच्याकडं आयफोन, आणि त्यानं आधीच सांगून ठेवलंय की "मला इथं बसून टाकी दिसली पायजे, आईला फोन करून विचारायची पाळी नको."

भारतात शंभरातले नव्वदाहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, आमच्या घरातही तसंच निघालं, पण तेवढ्यावर ठरवायचं नाही. सासऱ्यांना बघून एक गोष्ट मात्र आजच पक्की केली, भिंतीवरचं बटण आणि स्टार्टर काढायचा नाही. अ‍ॅप त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. मावसभाऊ म्हणाला, "हाव, हे बरं केलंस, नाहीतर मोबाईल हरवला की घरात अंधार."

१२ जानेवारी, रविवार

वेब अ‍ॅपपासून सुरुवात केली, कारण ते चाललं असतं तर सगळ्यात सोपं. एकदाच लिहायचं, अँड्रॉइड असो का आयफोन, लिंक पाठवली की झालं, स्टोअर नको, फी नको.

अडचण अशी आली. होम स्क्रीनवर बसणारं, नेट नसतानाही उघडणारं वेब अ‍ॅप करायचं तर सर्व्हिस वर्कर (नेट नसताना पान सांभाळणारा ब्राउझरमधला प्रोग्रॅम) लागतो, आणि सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, लागतेच. आता पान एचटीटीपीएसवरून आलं, आणि त्यातून मी घरातल्या १९२.१६८ वाल्या पत्त्यावर, म्हणजे हबशी, साध्या एचटीटीपीनं किंवा साध्या वेबसॉकेटनं बोलायला गेलो की ब्राउझर अडवतो, सुरक्षित पानातून असुरक्षित मागणी चालत नाही म्हणतो. ब्राउझरच्या जागी ते बरोबरच आहे. मग हबला खरं सर्टिफिकेट द्यायचं, त्यासाठी डोमेन घ्यायचं, ते दर काही महिन्यांनी नवं करायचं, हे एका घरात जमेल पण गल्लीभर कोण सांभाळणार? आणखी एक, बोर्डाला पहिल्यांदा वाय-फायचा पासवर्ड द्यायला मला ब्लूटूथ वापरायचंय आणि सफारीत वेब ब्लूटूथ नाहीच.

पण एक चांगलं सापडलं. हबनं स्वतःच साध्या एचटीटीपीवर एक पान दिलं आणि त्या पानातूनच हबशी बोललं तर कोणीच अडवत नाही. घरातल्या वाय-फायवर असलेला कुठलाही फोन, लॅपटॉप, अगदी टीव्हीचा ब्राउझरसुद्धा ते पान उघडतो. हे मुख्य अ‍ॅप म्हणून नाही चालणार, पण टाकून द्यायचं नाही. बाजूला ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

आयफोन. अ‍ॅपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमला वर्षाला ९९ डॉलर, एक्सकोड (आयफोनचं सॉफ्टवेअर लिहायचं साधन) चालवायला मॅक पायजे, आणि फुकटच्या आयडीवर स्वतःच्या फोनमध्ये टाकलेलं अ‍ॅप सात दिवसांनी उघडत नाही, परत टाकावं लागतं. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर. ज्याच्याकडं एकच आयफोन आणि तोही पुण्यात, त्याच्यासाठी दरवर्षी एवढं घालणं आत्ता परवडत नाही. आयफोन वाईट म्हणून नाही, तिकडं लोकल नेटवर्कची परवानगी आयओएस १४ पासून सरळ विचारली जाते, एकदा दिली की विषय संपतो, ते मला आवडतं.

चुलतभावाला रात्री फोन लावला. म्हणलं तुला अ‍ॅप पायजे का टाकी पायजे? म्हणाला टाकी. मग टेलिग्रामचा बॉट करून दिला, हब त्याला मेसेज टाकतो, मोटार चालू झाली, टाकी भरली, नळ आले. त्यानं "टाकी" लिहून पाठवलं की उत्तर जातं. त्याचं काम आज रात्रीच झालं आणि त्यासाठी आयफोनचं एक अक्षर लिहावं लागलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आता खरी लढत फ्लटर आणि कोटलिनमध्ये. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ पासून आहे, चांगलं आहे, पण मला जिथं अडणार तिथं तेही अडणार, आणि त्यातल्या जावास्क्रिप्टपेक्षा मला फ्लटरची डार्ट भाषा बरी वाटते, म्हणून ते इथंच सोडतो.

एकच स्क्रीन दोन्हीत लिहिली, वर टाकीचं चित्र, खाली मोटारीचं मोठं बटण, त्याखाली खोल्या. फ्लटरमध्ये काम भराभर होतं, हॉट रिलोडमुळं रंग बदलला की लगेच फोनवर दिसतो, आणि उद्या आयफोनचं बघायचं झालं तर निम्मं काम तयार असतं. हे सगळं खरं आहे आणि कोणी दुकानाचं किंवा क्लासचं अ‍ॅप करत असेल तर मी त्याला फ्लटरच घे म्हणेन.

पण या अ‍ॅपला जे लागतंय त्याची यादी बघितली की चित्र बदलतं. होम स्क्रीनवरचं विजेट, म्हणजे काकूंनी अ‍ॅप न उघडता मोटार बंद करावी. वरून खाली ओढल्यावर टॉर्चच्या शेजारी दिसणारी टाईल. मागं चालू राहणारी सर्व्हिस. वाय-फायवरची पकड. फ्लटरमध्ये यातलं बहुतेक सगळं शेवटी कोटलिनमध्येच लिहून चॅनेलनं जोडावं लागतं, तयार पॅकेज मिळतात पण आतून तेच. वरचा चेहरा डार्टमध्ये आणि जीव कोटलिनमध्ये असा प्रकार होतो. एकट्याला दोन्ही सांभाळायचं म्हणजे बिघाड शोधताना दोन घरं धुंडाळायची.

अजून ठरवलं नाही. नेट नसतानाची परीक्षा राहिलीय.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राऊटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. दुपारी लाईट गेली, घरातलं वाय-फाय चालू, पण चौकातला नेटवाल्याचा डबा बंद, म्हणजे वाय-फाय आहे आणि इंटरनेट नाही. हेच मला बघायचं होतं. काकूंना म्हणलं, "काकू, आता बटण दाबा." दाबलं. काहीच नाही. गोल फिरायलंय नुसतं. काकू म्हणाल्या, "लेकरा, वाय-फायची खूण तर दिसायलीय की वर, मग कामून होईना?"

झालंय असं की वाय-फायवर इंटरनेट नाही हे अँड्रॉइडला कळतं, आणि मग तो शहाणपणानं सगळी वाहतूक मोबाईल डेटावर नेतो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ते उत्तमच. पण माझं अ‍ॅप १९२.१६८.१.१० ला हाक मारतंय, आणि ती हाक मोबाईल कंपनीच्या टॉवरकडं जायलीय, तिथं हा पत्ता कोणाला माहीत असणार? हब चार पावलांवर, देवघराच्या शेजारी, आणि फोन त्याला शोधायलाय टॉवरवर. मोबाईल डेटा बंद केला की लगेच चालतं, पण दर वेळी डेटा बंद करा असं कोणाला सांगणार?

यावरचा उपाय अँड्रॉइडमध्ये आहे आणि चांगला आहे. कनेक्टिव्हिटी मॅनेजरकडं (अँड्रॉइडचा नेटवर्क सांभाळणारा भाग) वाय-फायचं नेटवर्क मागायचं, त्यात इंटरनेट असलंच पायजे अशी अट घालायची नाही, नेटवर्क हातात आलं की त्याच्याच सॉकेट फॅक्टरीतून एमक्यूटीटीचं सॉकेट, म्हणजे हबशी जोडणी, उघडायचं. मग तेवढंच एक सॉकेट वाय-फायनं जातं आणि फोनचं बाकी सगळं मोबाईल डेटावर निवांत चालू राहतं. अख्खं अ‍ॅप वाय-फायला बांधायचाही मार्ग आहे पण मग नोटिफिकेशनचं बाहेरचं काम अडतं, म्हणून सॉकेटपुरतंच बरं.

कोटलिनमध्ये हे थोडक्या ओळींत बसलं. संध्याकाळी परत लाईट गेली तेव्हा काकूंच्या फोनवर डेटा चालू ठेवून दाबलं, खोलीतला इन्व्हर्टरवरचा दिवा लागला. फ्लटरमध्येही होईल, पण डार्टचं नेहमीचं सॉकेट असं एका नेटवर्कला बांधायची सोय नाही, म्हणजे एमक्यूटीटीच कोटलिनकडं न्यायचं. मग डार्टकडं राहिलं काय, तर रंगकाम.

माझ्या मनात आज ठरल्यासारखंच झालं. आमच्याकडं घराचं अ‍ॅप म्हणजे आधी तुटक्या नेटवर्कशी झुंजणारं अ‍ॅप, त्यामुळं नेटवर्कच्या जितकं जवळ जाऊन लिहिता येईल तितकं चांगलं.

९ फेब्रुवारी

प्लॅटफॉर्मचा विषय नाही पण इथंच लिहून ठेवतो. एमक्यूटीटी १९९९ ची, आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्कॉम कंपनीचे अर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटच्या महागड्या, कमजोर लिंकवरून नजर ठेवायला केलेली, त्यामुळं आपल्याला ती बरोबर बसते. टाकीची पातळी रिटेन करून (शेवटचा मेसेज ब्रोकरमध्ये जपून) ठेवायची म्हणजे अ‍ॅप उघडलं की शेवटचा आकडा लगेच दिसतो. बोर्ड मेला की लास्ट विलवरून (जोडणी तुटली की ब्रोकर आपोआप पाठवतो तो मेसेज) अ‍ॅपला कळतं आणि बटण करडं होतं. पण मोटारीचा हुकूम कधीच रिटेन करायचा नाही. तो ब्रोकरमध्ये पडून राहिला तर लाईट जाऊन आली की बोर्ड जागा होणार, जुना हुकूम वाचणार आणि कोणी घरात नसताना मोटार सुरू करणार. दुसरं, क्यूओएस १ मध्ये (मेसेज किमान एकदा पोचलाच पायजे अशी पातळी) मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून हुकूम "उलट कर" असा द्यायचा नाही, "चालू" किंवा "बंद" असा स्पष्टच द्यायचा, दोनदा बंद म्हणलं तरी बंदच राहतं.

मावसभावानं मोटारीला छोटी रिले (बोर्डावरून चालणारं विजेचं स्विच) लावू दिली नाही, गंजगोलाईच्या बाजारातून कॉन्टॅक्टर (जड करंट झेलणारं मोठं स्विच) आणला. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यात रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि चिकटले की अ‍ॅपमधून बंद म्हणलं तरी मोटार चालूच. रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलपुरती. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्री नळ आले तर फोननं उठवायचं, हे काम बघायला घेतलं. अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे, फोन पडून राहिला की अ‍ॅपचं नेटवर्क झोपवतो, अँड्रॉइड ८ मध्ये मागच्या कामांवर आणखी बंधनं आली. बॅटरी वाचते, तक्रार नाही. हबला नेट असेल तर गूगलच्या फायरबेस सेवेचा हाय प्रायॉरिटी मेसेज डोझमधूनही फोनला उठवतो, ते बसवलं. पण काही कंपन्यांचे फोन याच्याही पुढं जाऊन अ‍ॅपच मारून टाकतात, ऑटोस्टार्ट नावाचं एक सेटिंग कुठंतरी आत लपवलेलं असतं, ते प्रत्येक फोनवर वेगळ्या जागी. काकांच्या फोनवर मेसेज वाजला, काकूंच्या फोनवर सकाळी उठल्यावर.

हे कुठल्याही प्लॅटफॉर्मवर शंभर टक्के सुटत नाही, फ्लटर घ्या नाहीतर कोटलिन. म्हणून फोनवर भिस्त ठेवायचीच नाही असं ठरवलं. जिन्याखाली एक हूटर लावला, तो थेट बोर्डावर, हौदात पाणी यायला लागलं की वाजतो, हब बंद असला तरी. तसंच टाकी भरली की मोटार बंद करायचं डोकंही बोर्डातच, अ‍ॅपमध्ये नाही. अ‍ॅप बघायला आणि सांगायला. पाणी वाया जाऊ न देण्याची जबाबदारी जो बोर्ड टाकीशेजारी बसलाय त्याचीच.

पाणी आलं हे ओळखायचं कसं, त्यातही गंमत आहे. नळाच्या लाईनवर फ्लो सेन्सर लावला होता, पण पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुसाट येते आणि त्याच्या आतलं चक्र हवेनंच फिरतं. मीटर हवेनं फिरतंय ही तर इथली जुनी तक्रार. म्हणून हौदात तळाशी एक फ्लोट (पाण्यानं उचलला जाणारा स्विच) टाकला, फ्लो सेन्सर फिरला आणि फ्लोटही उचलला तरच हूटर. वरच्या टाकीतही तेच तत्त्व, झाकणाखालचा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर अगदी जवळचं, पहिल्या वीसेक सेंटिमीटरमधलं, नीट वाचत नाही आणि टाकी भरत आली की पाणी नेमकं तिथंच असतं, म्हणून भरलेली टाकी ओळखायला वर फ्लोटच.

२३ फेब्रुवारी

मराठीचं काम. बटणाची उंची नक्की केली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जायलेत, "टाकी"ची दीर्घ वेलांटी अर्धी गायब. ओळीची उंची मोकळी सोडली, बटण अक्षराप्रमाणं वाढू दिलं, सुटलं. काकूंनी फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून ठेवलाय त्यावरही बघितलं.

टाकी ६५% असं दाखवत होतो. काकू म्हणाल्या, "टक्के मला काय करायचेत, अर्धी झाली का पाऊण झाली तेवढं सांग, आणि आंघोळी उरकतील का ते सांग." एकदम रास्त. आता मोठ्या अक्षरात "अर्धी", "पाऊण", "भरली", आणि टक्के बारीक अक्षरात खाली, काकांसाठी.

२ मार्च, रविवार

निर्णय. नेटिव्ह अँड्रॉइड, कोटलिन, स्क्रीन जेटपॅक कंपोजमध्ये, किमान अँड्रॉइड ८. त्याच्या खालचा फोन आमच्या ओळखीत कोणाकडं उरला नाही आणि नोटिफिकेशन चॅनेल (सूचनांचे वेगवेगळे गट) तिथून पुढंच आहेत. हबशी बोलणं, टाकीचा हिशोब, वेळापत्रक हे वेगळ्या मॉड्यूलमध्ये, त्यात अँड्रॉइडचं काही येऊ द्यायचं नाही, कारण कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म (तेच कोटलिन आयफोनवरही चालवायची सोय) नोव्हेंबर २०२३ ला स्टेबल झालंय, उद्या पाच-दहा घरं आयफोनची आली तर तेवढा भाग तसाच उचलता येईल, नेटवर्कचं आणि स्क्रीनचं तिकडं वेगळं लिहायचं. तोवर आयफोनवाल्यांना घरात हबचं पान आणि बाहेर टेलिग्राम.

सोडून काय दिलं तेही लिहितो म्हणजे पुढं कोणी विचारलं तर सांगता येईल. फ्लटरचा वेग सोडला. एका कोडमध्ये दोन्ही फोन हे सोडलं. त्याच्या बदल्यात नेट नसतानाचं बटण, विजेट, टाईल आणि काकूंच्या २ जीबीच्या फोनवर हलकं अ‍ॅप मिळालं.

९ मार्च

सुरुवातीला एपीके (अँड्रॉइडवर टाकायची फाईल) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतो, फोन "अनोळखी अ‍ॅप" म्हणून भीती घालतो, आणि आजकाल एपीके पाठवून लोकांना लुबाडायचे प्रकार इतके झालेत की घरच्यांनी कुठलीही एपीके उघडू नये हीच सवय बरी. म्हणून प्ले स्टोअर. वैयक्तिक खातं नवं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये असावे लागतात. घरचे, मावसभावाचे दोन वायरमन आणि गल्लीतली कॉलेजची पोरं मिळून भरले. पोरांनी पहिल्याच संध्याकाळी डार्क मोड मागितला.

३० मार्च, रविवार, पाडवा

आत्याकडं औशाला बसवून आलो. तिथं राऊटरला इन्व्हर्टरच नाही, लाईट गेली की वाय-फायच जातं, म्हणून राऊटर आणि हबला मिळून एक छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस लावला, हबला त्यावरून ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. मेन बंद करून आत्याच्या फोनवर बघितलं, डेटा चालू, बाहेरचं नेट नाही, फोन लगेच हबला जोडला गेला. सासऱ्यांनी स्टार्टरवरून मोटार चालू केली तेव्हा अ‍ॅपमध्येही "चालू" आलं, कारण अवस्था कॉन्टॅक्टरच्या जास्तीच्या पॉइंटवरून वाचतो, आपण काय हुकूम दिला त्यावरून नाही.

पुढचं काम : पाणी संपलं तर मोटार कोरडी चालू नये म्हणून करंट सेन्सर, आणि मोटारीच्या बटणाला दोन सेकंद दाबून धरायची सोय, कारण आत्याची नात फोन घेऊन खेळते. त्यानंतर गल्लीतलं पहिलं घर, मावसभाऊ मंगळवारी तिथली वायरिंग बघायला जाणार आहे.